ऐरणीपुढचं मागणं

'ऐरणीच्या देवा तुला' हे गाणं ऐकलं नाही असा माणूस आपल्या कोल्हापुरात सापडणं अवघड. १९६५ सालचा भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं', गीत जगदीश खेबूडकरांचं, आवाज लता मंगेशकरांचा आणि चालही त्यांचीच, 'आनंदघन' या टोपणनावानं दिलेली. एवढं बऱ्याच जणांना पाठ असतं. पण गाण्याचा अर्थ काय, असं विचारलं की दोन उत्तरं येतात. एक, हे भक्तिगीत आहे. दुसरं जरा रागानं येतं : हे गरिबी गोड मानून घ्यायला शिकवणारं गाणं आहे. दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे, म्हणून त्याच्यासाठी थोडा वेळ काढू.

कुठल्याही चित्रपटगीताला आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो असा : हे कोण म्हणतंय आणि त्या वेळी त्याचे हात काय करतायत? इथं गाणारी लोहाराची बायको आहे, पडद्यावर जयश्री गडकर; नवरा सूर्यकांत. लोहाराच्या कामात बायको भाता ओढते, काही घिसाडी घरांत तर बाईच घण घालते. म्हणजे ही बाई उंबऱ्यात उभी राहून नवऱ्याचं काम बघत नाही, त्या कामात तिचा वाटा आहे. हे ध्यानात आलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडत जातं.

आता 'ऐरणीचा देव' म्हणजे कोण? गावाचा देव म्हटलं तर गावाचा राखणदार. दगडाचा देव म्हटलं तर दगडच देव. मराठीतला हा 'चा' दोन्हीकडे चालतो. खंडेनवमीला आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो, त्या दिवशी लोहाराच्या घरी ऐरणीलाही हळदकुंकू लागतं. तेव्हा ऐरणीमागे वेगळा देव शोधायची गरज नाही, समोरचं लोखंडच देव आहे. त्या देवाला ती ठिणग्या वाहते. 'वाहणे' हे क्रियापद आपण फुलासाठी, बेलासाठी, दूर्वांसाठी वापरतो. फूल बागेतून आणता येतं. ठिणगी मात्र घाव घातल्याशिवाय उडत नाही. काम थांबलं की पूजा थांबली. ज्याला हे नुसतं भक्तिगीत वाटतं, त्यानं इथं जरा थांबून बघावं.

पुढे लक्ष्मीच्या हातातल्या चवरीचा उल्लेख येतो. चवरी म्हणजे देवावर ढाळतात ती. ती वर-खाली होते असं म्हटलंय, आणि लगेच पाठोपाठ भाता येतो. भात्याचा दांडा धरलेला हातही असाच वर-खाली होत असतो! कवीनं दोन्ही हालचाली शेजारी ठेवून दिल्यात, 'हे त्यासारखं' असं कुठं म्हटलेलं नाही. आणि भात्यात सूर आहेत, असंही ती म्हणते. पेटीलाही भाताच असतो, हे गाणाऱ्यांना सांगायला नको. आमच्या मते सगळ्या गाण्यातली ही सर्वांत देखणी जागा आहे, आणि ती बहुतेकांच्या कानांवरून निघून जाते.

आता त्या रागाकडे येऊ. गरिबीला ती लेणं म्हणते, म्हणजे अंगावर घालायचा दागिना. लोखंडाचे चणे खाण्याचीही तयारी दाखवते. अतिकष्टासाठी हा वाक्प्रचार आपल्याकडे जुनाच आहे, फक्त लोहाराच्या घरात 'लोखंड' हा शब्द निव्वळ अलंकार राहत नाही. इथपर्यंत आक्षेप घेणाऱ्याचं बरोबर आहे. पैसा ती कुठंच मागत नाही. मागते ती अब्रू. मग 'मातुर' म्हणून नवरा वाघासारखा असू दे, अशी अट घालते. ही ओळ आज ऐकताना खटकते, स्वतःसाठी तिनं काही मागायला हवं होतं असं वाटतं. पण तो 'मातुर' बघा. 'मात्र' नाही, 'मातुर'. खेबूडकर आपल्याच जिल्ह्यातले, पेशानं शिक्षक. त्यांना शुद्धलेखन येत नव्हतं थोडंच! 'सारखा'ऐवजी 'वानी' आणि 'गत' हे त्यांनी जाणूनबुजून ठेवलं. पुस्तकी मराठीत हेच मागणं विनवणी वाटलं असतं. या बोलीत ते देवाशी केलेलं रोखठोक बोलणं होतं, जणू ऐरणीपलीकडे समोरासमोर बसून.

शेवटचं कडवं मात्र गडबडीत गुणगुणून सोडू नका. तिथं 'घाव' हा शब्द येतो. लोहारासाठी घाव म्हणजे हातोड्याचा ठोका, रोजचं काम. बाकी सगळ्यांसाठी घाव म्हणजे जखम. एकावर एक घाव बसणार आहेत, असं ती सांगते तेव्हा ऐरणीवरचं लोखंड आणि त्या घरातली माणसं एकाच जागी येतात. ऐरण घाव सोसते. लोखंड घावानं आकार घेतं. माणसानं यातलं काय व्हायचं? ती बळ मागते ते दोन गोष्टींसाठी : आधी सोसायला आणि मग झुंजायला. नुसतं सोसणंच असतं, तर गरिबी गोड मानण्याचा आक्षेप आम्ही पूर्ण मान्य केला असता. 'झुंजणे' आलं आणि ते अवघड झालं.

तरी एक गोष्ट उरतेच. झुंजायचं कुणाशी, हे गाण्यात नाही. दुनिया भलीबुरी आहे, एवढंच ती म्हणते; लोहाराच्या मालाला कोण किती दाम देतो, उधारी कोण बुडवतो, याचा शब्दही नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी आपलं बोट या जागी ठेवावं, दागिन्याच्या ओळीवर नाही.