काटा पडला म्हणून मीटर बदलू नका

शेतकरी बंधूंनो, या पानावर आपण नेहमी पीकपाण्याचं बोलतो. आज विषय वेगळा आहे, पण बऱ्याच जणांच्या दारात आता जुनी मोटार उभी असते म्हणून लिहितो.

आमच्या सज्जातल्या एका दूध उत्पादकाने फ्युएल इंजेक्शनची जुनी पेट्रोल गाडी घेतली. आठ दिवसांत वेगाचा काटा शून्यावर बसला. "काट्यावाचून काय अडतंय साहेब, अंदाजानं चालवतो की!" असं म्हणाले. पण पुढे वेग कमी करून क्लच दाबला की इंजिनच गप्प व्हायला लागलं. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, पेडल कडक होतं. उतारावर, मागे दुधाचे कॅन असताना असं झालं तर काय होईल, ते सांगायला नको.

दोन्ही गोष्टींचं मूळ एकच होतं. जुन्या जीपला गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत फिरती केबल असते. ती तुटली तर काटा पडतो, इंजिनला त्याचं काही नसतं. या गाडीत मात्र गिअरबॉक्सवरचा सेन्सर विजेचे ठोके पाठवतो. ते मीटरला जातात, तसेच इंजिनच्या कॉम्प्युटरलाही. गाडी चालती आहे की उभी, हेच त्याला कळेनासं झालं तर इंजिनचा मंद वेग सांभाळताना तो चुकतो.

गॅरेजवाल्याने मीटर बदलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, थांबा, आधी पाहू. एक खूण लक्षात ठेवा. किलोमीटरचे आकडे पळतात आणि फक्त काटा मेलेला असेल, तर दोष बहुधा मीटरमध्ये. दोन्ही बंद असतील तर संशय आधी खाली घ्यावा. यांचे दोन्ही बंद होते.

फ्यूज पाहिला, चांगला. मग मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, पुढचं एक चाक जॅकवर उचललं, गिअर न्यूट्रल. चावी ऑन, इंजिन बंद. पंपासाठी घेतलेला मल्टिमीटर होताच. तीन वायरींच्या सेन्सरला एकीवर बॅटरीचा करंट, दुसरी अर्थ, तिसरी ठोक्यांची. कपलर जोडलेलाच ठेवून तिसऱ्या वायरीवर मीटर लावला आणि चाक हळूहळू हाताने फिरवलं. व्होल्टेज चढायला-उतरायला हवं होतं. ते एका जागी ठप्प. पहिल्या दोन वायरी मात्र ठीक.

इथेच सेन्सर खराब म्हणून लोक नवा आणतात. आम्ही तो काढून दांडी बोटांनी फिरवली, तर व्होल्टेज नाचायला लागलं! म्हणजे सेन्सर शाबूत. त्याला फिरवणाऱ्या प्लॅस्टिकच्या छोट्या गिअरचे दात झिजून गुळगुळीत झाले होते. तेवढा गिअर बदलला आणि काटा उठला. इंजिनही बंद पडायचं थांबलं.

जुनी गाडी घेताना थोडी चालवून काटा आणि आकडे दोन्ही हलतात का, ते पाहा. आकडे बंद असतील तर मालक सांगेल त्या किलोमीटरवर भाव ठरवू नका.