स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे

भिवंडीजवळच्या शेलार परिसरात ताणा, बाणा, धोटा हे शब्द कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत, कारण यंत्रमागावर त्या वस्तू रोज डोळ्यांसमोर असतात. लहान विमानाच्या परिभाषेची अडचण वेगळी आहे. तिच्यातले अनेक शब्द ओळखीचे वाटतात, पण हवेत त्यांचा अर्थ बदललेला असतो आणि वैमानिकाला धोका होतो तो बहुधा अशाच शब्दांमुळे.

शेलारच्या नैर्ऋत्येला, सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटरवर, जुहूचा विमानतळ आहे. भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळवणारे जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, पस मॉथ या एका इंजिनाच्या विमानातून याच जुहूला उतरले. त्या विमानाला ज्या तीन हालचाली करता येत होत्या, त्याच आजच्या सेस्नासारख्या लहान विमानालाही करता येतात: नाक वर-खाली होणे म्हणजे पिच, पंख एका बाजूला कलणे म्हणजे रोल आणि नाक डावी-उजवीकडे वळणे म्हणजे यॉ. पहिली हालचाल शेपटीवरच्या एलेव्हेटरने, दुसरी पंखांच्या टोकांजवळच्या एलेरॉनने आणि तिसरी शेपटीच्या उभ्या पात्यावरील रडरने साधली जाते.

सर्वांत जास्त गैरसमज ‘स्टॉल’ या शब्दाविषयी आहे. मोटारीचे इंजिन स्टॉल झाले म्हणजे बंद पडले, असे आपण म्हणतो. विमानात मात्र इंजिन पूर्ण ताकदीने चालू असतानाही स्टॉल होऊ शकतो, कारण तेथे हा शब्द इंजिनाला नव्हे, पंखाला लागू होतो. पंख समोरून येणाऱ्या हवेशी जो कोन करतो त्याला ‘अँगल ऑफ अ‍ॅटॅक’ म्हणतात. संक्रांतीला पतंगाची कन्नी बांधणाऱ्याला हा कोन हाताने ठाऊक असतो: गाठ थोडी चुकीच्या जागी पडली तर पतंग वाऱ्यासमोर फार ताठ उभा राहतो आणि वर चढण्याऐवजी थरथरत मागे ओढला जातो. पंखाचेही असेच आहे. कोन वाढत जातो तसे विमानाला उचलून धरणारे बल, म्हणजे लिफ्ट, वाढते. पण साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा सुटते, लिफ्ट एकदम घटते आणि विमान खाली जाऊ लागते. अशा वेळी नाक वर ओढावे असे मनाला वाटते, आणि तीच घातक चूक ठरते. नाक खाली करून कोन कमी केला, तरच पंख पुन्हा हवा धरतो. म्हणूनच नवख्याला हा प्रसंग पुरेशा उंचीवर, शिक्षक शेजारी असताना, मुद्दाम घडवून शिकवला जातो.

‘वेग’ हा शब्दही एकटा पुरत नाही. भोवतालच्या हवेच्या तुलनेतला तो एअरस्पीड आणि जमिनीच्या तुलनेतला तो ग्राउंडस्पीड. दोन्ही नॉटमध्ये मोजतात आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. साठ नॉट एअरस्पीडचे विमान वीस नॉटच्या समोरच्या वाऱ्यात जमिनीवरून पाहिले तर चाळीस नॉटनेच, म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटरने सरकते, पण पंखाला मात्र साठ नॉटची हवा मिळत असते. वाऱ्यासमोर उतरण्याचे कारण हेच. जुहूच्या एका धावपट्टीची दोन टोके ०८ आणि २६ अशी ओळखली जातात; हे आकडे होकायंत्रावरील सुमारे ८० आणि २६० अंशांच्या दिशा दाखवतात, त्यामुळे पश्चिमेकडून समुद्राचा वारा वाहत असताना २६ ही दिशा सोयीची ठरते.

उंचीच्या बाबतीत तर आकडाच फसवू शकतो. उंची दाखवणारा अल्टिमीटर प्रत्यक्षात हवेचा दाब मोजतो, म्हणून त्यावर त्या दिवसाचा, समुद्रसपाटीला आणलेला स्थानिक दाब लावावा लागतो. या दाबाला ‘क्यूएनएच’ म्हणतात. प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल मानला जातो. पावसाळ्यात दाब दहा हेक्टोपास्कलने उतरलेला असताना अल्टिमीटरवर लावलेला दाब जुन्याच आकड्यावर राहिला, तर यंत्र विमान खऱ्यापेक्षा सुमारे तीनशे फूट उंच असल्याचे दाखवते. ढगाळ हवेत डोंगराजवळ एवढी चूक जिवावर बेतते.

वैमानिक परवान्याच्या परीक्षेतले शब्द इंग्रजी राहणारच, कारण रेडिओवरचे बोलणेही त्याच भाषेत होते; मात्र त्यांचा अर्थ मराठी मुलामुलींना आधी मराठीत उलगडून सांगायला शिक्षकांनी संकोच करू नये. हे शिक्षण तरुण वयातच सुरू होऊ शकते: विद्यार्थी-वैमानिकाचा परवाना वयाच्या सोळाव्या वर्षी मिळू शकतो, तर खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण आणि किमान ४० तासांचे उड्डाण आवश्यक असते.