११२ पराभवांचा हिशेब

१९५२ सालचा पिट्सबर्ग पायरेट्स हा बेसबॉलमधला हमखास चेष्टेचा विषय. १५४ सामन्यांत ४२ विजय, ११२ पराभव आणि अव्वल ब्रुकलिन डॉजर्सपेक्षा साडेचोपन्न सामने मागे! संघात दर्जेदार खेळाडू नव्हता असंही नाही. राल्फ कायनरने त्या मोसमात ३७ होमरन ठोकले आणि सलग सातव्या वर्षी नॅशनल लीगमध्ये (त्या वर्षी विभागून) पहिला क्रमांक राखला. पण एकटा फलंदाज काय करणार? सरव्यवस्थापक (जनरल मॅनेजर) ब्रँच रिकी यांनी विशीच्या आसपासची कच्ची पोरं थेट मोठ्या लीगमध्ये उतरवली होती. माझ्या मते हा मोसम म्हणजे निव्वळ नालायकी नव्हती, ती जाणूनबुजून मोजलेली किंमत होती. डिक ग्रोट त्याच वर्षी विद्यापीठातून थेट संघात आला. व्हर्न लॉ आणि बॉब फ्रेंड नुकतेच रुजू झाले होते. १९५४ मध्येही संघ तळाला राहिला, म्हणूनच खेळाडू-निवडीत पहिला हक्क मिळाला आणि डॉजर्सकडचा रॉबर्टो क्लेमेंटे हाती लागला.

यावर कुणी म्हणेल, ही पश्चातबुद्धी झाली. त्यातली बरीच पोरं पुढे चमकलीच नाहीत आणि फळ यायच्या आत रिकी पायउतार झाले. दोन्ही खरं. हरल्याने आपोआप संघ घडत नाही, निवड अचूक लागते. पण १९६० मध्ये यँकीजना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या संघात ग्रोट, लॉ, फ्रेंड आणि क्लेमेंटे चौघंही होते. गुणतक्ता त्या वर्षाचा निकाल सांगतो, पेरणीचा नाही.