उमरठची नक्कल

तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ, महाड आणि पोलादपूर ही तीन नावे फोर्ट्रान भाषेतील यादीत एकाच मापाच्या घरांत राहतात. तो त्या भाषेचा जुना दंडकच होय. यूटीएफ-८ संकेतात उमरठास १२ बाइट लागतात, पोलादपुरास २४. म्हणून प्रत्येक घर २४ चे. उमरठापुढील जागा कोरी. हे माप आयत्या वेळी ठरविण्याची मुभा फोर्ट्रान २००३ ने दिली. मग एक यादी दुसरीत उतरविताना घरांची संख्या व घराचे माप, दोन्ही कंपायलरने जुळवावयाची. जीफोर्ट्रानच्या काही जुन्या आवृत्त्यांत या मापाचीच गफलत होत असे. समजा, २४ च्या जागी १२ धरले गेले, तर पोलादपुराचे नुसते ‘पोला’ उरेल. आणि उमरठ, महाड मात्र धडधाकट! चूक ध्यानी यावी तरी कशी? अशा कंपायलरशी गाठ पडल्यास नकलेपूर्वी नव्या यादीचे माप स्वहस्ते नेमून द्यावे.