उन्हात न हलणारी जनुकं

सकाळी ६.००
मे महिन्यात गार वेळचं रक्त हवं तर याच सुमारास गोठ्यात पोचावं लागतं. गोठा सांभाळणारे मामा मोरखी धरून उभे असतात. देवणीतल्या शेवेरा प्रकारची गाय निमूट असते, पलीकडची वानेरा प्रकारची सुई दिसली की मान झटकते. "मॅडम, पटकन आटपा, हिला दुपारी परत टोचायचंय." मामांचं बरोबर आहे. झटापट झाली की जनावराला तिचाच ताण येतो आणि आम्हाला मोजायचाय फक्त उन्हाचा. प्रत्येक देवणी गाईचं एक रक्त आत्ताचं, एक दुपारचं. दोन्हींतल्या पांढऱ्या पेशींमध्ये उष्णतेशी संबंधित जनुकांची अभिव्यक्ती किती वाढते, हा प्रबंधाचा विषय. त्याआधीचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि सध्या माझे दिवस त्यातच जातात: ही वाढ कशाच्या तुलनेत मोजायची?

७.३०
रक्त बर्फात ठेवलेलं नाही, पेशी वेगळ्या करणाऱ्या हिस्टोपेक द्रावणाला ते खोलीच्या तापमानाचंच लागतं. अलगद थर सोडायचा, ३० मिनिटं फिरवायचं, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवून. मधलं पांढुरकं कडं तेवढं उचलून ट्रायझॉलमध्ये, मग उणे ८० च्या फ्रीझरमध्ये.

१०.००
आधीच्या नमुन्यांचं आरएनए. २६०/२८० गुणोत्तर २ च्या आसपास हवं, जेलवर २८एसचा पट्टा १८एसपेक्षा ठळक हवा. उरलेला डीएनए काढून टाकणारी डीएनेझची पायरी वेळ वाचवायला गाळणारे मी पाहिलेत. उष्णतेच्या ताणात वाढणाऱ्या एचएसपी-७० प्रथिनाच्या एचएसपीए१ए या जनुकात इंट्रॉनच नाही, त्यामुळे मागे राहिलेला डीएनए प्रायमरला वेगळा ओळखू येत नाही. तुलनेसाठी संदर्भ म्हणून नेहमी घेतल्या जाणाऱ्या जीएपीडीएच आणि बीटा-ॲक्टिनची तर छद्मजनुकं जीनोमभर विखुरलेली, तीही इंट्रॉन नसलेली. म्हणून प्रत्येक नमुन्याचा एक वाटा रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घालता चालवतो. तिथे सिग्नल आला की आरएनए पुन्हा साफ करायचं.

१२.३०
डबा खाऊन क्यूपीसीआरची प्लेट भरायला बसलो. एका प्लेटवर एकच जनुक आणि सगळे नमुने, म्हणजे प्लेटागणिक पडणारा फरक गाईंच्या माथी येत नाही. नवा विद्यार्थी विचारतो, "जीएपीडीएच घेऊन मोकळं होऊया की, सगळे तेच घेतात." याच सवयीवर माझा राग आहे. जीएपीडीएच हे ग्लुकोज फोडण्याच्या साखळीतलं विकर. उन्हात गाईचा चयापचयच बदलतो, मग हे जनुक जागचं हलत नाही हे कोणी तपासलं? समजा, दुपारी त्याची सीटी, म्हणजे सिग्नल ज्या चक्राला वर येतो तो आकडा, एका चक्राने खाली आली. म्हणजे ते दुप्पट झालं आणि त्याच्याशी ताडलेलं, मुळात न बदललेलं प्रत्येक जनुक निम्मं झाल्यासारखं दिसणार. एचएसपी-७० वीसपट वाढलं तर ही चूक खपून जाईल. दीडपट-दुप्पट बदलणाऱ्या जनुकांचा निष्कर्षच उलटू शकतो. १८एसही नको. ते इतकं मुबलक असतं की लक्ष्य जनुकाच्या कितीतरी चक्रं आधीच वर येतं, शिवाय ऑलिगो-डीटीने केलेल्या सीडीएनएत त्याचा भरवसा नाही.

२.३०
पुन्हा गोठा. गाई रवंथ सोडून धापा टाकतायत. रक्त घेतलं, परत फिरलो.

४.३०
सीटी हातात आल्या. प्रायमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत बसली नाही तर ते जनुक इथेच बाद. उरलेली जीनॉर्ममध्ये घातली. व्हॅन्डेसोम्पेल आणि सहकाऱ्यांची २००२ सालची ही पद्धत जनुकांच्या जोड्या लावते आणि ज्यांचं आपसातलं गुणोत्तर नमुन्यागणिक कमीत कमी हलतं, त्यांना वर ठेवते. वर आली रायबोसोमल प्रथिनांची दोन जनुकं. विद्यार्थी खूश, मी नाही. दोघं एकाच कामातली. एकत्र चढली-उतरली तरी त्यांचं गुणोत्तर स्थिरच दिसणार. जत्रेत हात धरून फिरणारी दोन माणसं एकमेकांपासून हलत नाहीत, म्हणून ती एका जागी उभी आहेत असं होत नाही. म्हणूनच यादीत वायडब्ल्यूएचएझेड, एसडीएचए, एचपीआरटी१ अशी निरनिराळ्या कामांची जनुकं घ्यायची. त्या दोघांतलं एक काढलं आणि सगळं पुन्हा चालवलं.

६.००
आता नॉर्मफाइंडर. ते सकाळचा गट आणि दुपारचा गट वेगळे धरून दोन्हींमधला फरक तपासतं, आमच्या प्रश्नाला तेच जास्त जवळचं. दोन्ही याद्या जुळल्या नाहीत तर मी नॉर्मफाइंडरकडे झुकते. किती जनुकं घ्यायची हे जीनॉर्मच सांगतं: तिसरं घातल्याने पडणारा फरक ०.१५ च्या खाली राहत असेल तर दोन पुरेत. त्यांचा भौमितिक मध्य हा आमचा आधार.

७.१५
वहीत लिहिलं: ही निवड देवणी गाईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपुरती, उन्हाळ्यापुरती. कासेच्या ऊतींवर काम करायचं तर यादी पुन्हा पहिल्यापासून तपासावी लागेल. प्रबंध तपासणाऱ्यांना एकच विनंती: 'जीएपीडीएच हे संदर्भ जनुक वापरले' एवढंच वाक्य दिसलं, तर त्याच्या स्थिरतेची आकडेवारी मागा.