टेक्टन : लंडनमधील आधुनिक वास्तुकलेचा आद्य समूह

इंग्लंडमध्ये आधुनिक वास्तुकला रुजवणाऱ्या संस्थांत टेक्टनचे स्थान अग्रगण्य आहे. १९३२ साली बर्थोल्ड लुबेटकिन यांनी तिची लंडनमध्ये स्थापना केली. जॉर्जियातील तिफ्लिस हे त्यांचे जन्मस्थान. पॅरिसमध्ये काम केल्यानंतर ते लंडनला आले आणि आर्किटेक्चरल असोसिएशनच्या शाळेतून नुकतेच बाहेर पडलेले तरुण त्यांनी जमवले. आराखडे समूहाच्या नावाने निघत. त्यांवर छाप मात्र बहुधा लुबेटकिन यांचीच असे.

टेक्टनचे पहिले आश्रयदाते लंडनचे प्राणिसंग्रहालय होते. तेथे गोरिलागृहापाठोपाठ १९३४ साली पेंग्विनांचा तलाव झाला. लंबवर्तुळाकार भिंतीच्या आत, मध्ये एकाही खांबाचा आधार न देता, काँक्रीटच्या दोन नागमोडी उतरणी परस्परांना वळसा घालतात. प्रबलित काँक्रीटचे सामर्थ्य दाखवणारी ही रचना जगभर गाजली. २००४ साली पेंग्विनांना तेथून हलवण्यात आले. त्यांच्या सोयीपेक्षा ही रचना वास्तुकारांच्या पसंतीला अधिक उतरली असे म्हणावेसे वाटते.

हायगेट येथील हायपॉइंट (१९३५) ही ६४ सदनिकांची इमारत सायक्लोस्टाइल यंत्रांमुळे परिचित असलेल्या गेस्टेटनर घराण्यातील सिग्मंड गेस्टेटनर यांच्यासाठी उभी राहिली. अभियंते ओव्ह अरुप यांनी भिंतींनाच भारवाहक केले आणि सरकत्या शटरिंगने त्या मजल्यामागून मजला ओतल्या. आधुनिक वास्तुकलेचे अध्वर्यू ल कॉर्ब्युझिए यांनी या इमारतीची मुक्तकंठाने प्रशंसा केली. शेजारच्या दुसऱ्या हायपॉइंटच्या (१९३८) प्रवेशद्वारी मात्र ग्रीक स्तंभकन्यांच्या प्रतिकृती आल्या आणि नवमतवादी चकित झाले.

या समूहाची खरी थोरवी फिन्सबरी आरोग्य केंद्रात (१९३८) दिसते. त्यामागे एक भारतीय होते. लंडनमधील फिन्सबरी बरोच्या (नगरपालिकेच्या) सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष डॉ. चुनीलाल कटियाल यांनी टेक्टनचा क्षयरोग चिकित्सालयाचा आराखडा पाहिला होता. त्यांनीच हे काम टेक्टनकडे आणले. १९३१ साली महात्मा गांधी व चार्ली चॅप्लिन यांची भेट याच कटियाल यांच्या घरी झाली होती. दाट, गरीब वस्तीतील या केंद्रात क्षयरोग, दंतचिकित्सा, पायांचे विकार अशा सेवा एका छपराखाली विनामूल्य मिळू लागल्या. काचेच्या विटांतून प्रतीक्षालयात भरपूर उजेड येतो. बाजूच्या पंखांतील अंतर्भिंती हलवता येतील आणि नळ व वाहिन्या दुरुस्तीसाठी सहज हाताशी राहतील, अशी योजना आहे. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा यानंतर दहा वर्षांनी, १९४८ साली सुरू झाली.

महायुद्धानंतर टेक्टनने फिन्सबरीतच आखलेल्या स्पा ग्रीन वसाहतीची कोनशिला १९४६ साली आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी बसवली. काँक्रीटच्या पेटीसारख्या चौकटींमुळे तेथील दर्शनी भिंती भारमुक्त झाल्या, आणि श्रीमंतांच्या सदनिकांत साधलेले कौशल्य बरोच्या भाडेकरूंपर्यंत पोहोचले. १९४८ साली टेक्टन विसर्जित झाली. समूहातील डेनिस लॅस्डन यांनी पुढे लंडनचे नॅशनल थिएटर उभारले. लुबेटकिन पीटरली या नव्या खाणकामगार-नगराच्या नियोजनाकडे वळले, परंतु प्रशासकीय वादांना कंटाळून १९५० साली त्यांनी ते काम सोडले. ब्रिटिश वास्तुकारांच्या राजसंस्थेचे सुवर्णपदक त्यांना १९८२ साली मिळाले.