तिरुवैयारूचा नदीकाठ

तंजावरहून उत्तरेस निघालेला प्रवासी अवघ्या 11-12 किलोमीटरांच्या वाटेत पाच नद्या ओलांडून तिरुवैयारूला पोहोचतो. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी, असा त्यांचा क्रम आहे. 'तिरु' म्हणजे पवित्र, 'ऐ' म्हणजे पाच व 'आरु' म्हणजे नदी. या पाच नद्यांवरूनच गावाला नाव मिळाले असे मानले जाते, आणि येथील शिवालाही पंचनदीश्वर म्हणतात. समुद्र येथून सुमारे 80 किलोमीटर दूर असला, तरी हे गाव किनाऱ्याचेच होय. मात्र त्याचा किनारा वर्षभर एकच नसतो. उन्हाळ्यात तो वाळूचा असतो, आणि पुढे काही महिने पाण्याचा.

नदीला पाणी आले म्हणजे पाऊस पडला, ही महाराष्ट्रातील माणसाची सहज समजूत. तिरुवैयारूत ती लागू पडत नाही. जूनमध्ये सुरू होणारा नैर्ऋत्य मोसमी पाऊस सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर बहुतेक रिता होतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात त्या काळात कडक ऊन असते, एखाद्या सायंकाळी गडगडाटासह सर येते, आणि मुख्यतः वारा वाहतो. आडी महिन्यातल्या, म्हणजे मध्य जुलै ते मध्य ऑगस्टमधल्या, या वाऱ्यात वाटणाचा पाटासुद्धा उडून जाईल, अशी तमिळ म्हण आहे. परंतु त्याच दिवसांत दूर कोडगूच्या डोंगरांत मुसळधार पाऊस कोसळत असतो. ते पाणी 1934 साली पुऱ्या झालेल्या मेट्टूर धरणात साठते. परंपरेने 12 जूनला धरणाचे दरवाजे उघडतात; काही दिवसांत पाणी कल्लणै या प्राचीन बंधाऱ्याशी येते, आणि तेथून सुमारे 30 किलोमीटर वाहत तिरुवैयारूला पोहोचते. कोरड्या आभाळाखाली नदी भरते. गावाचा स्वतःचा पाऊस पुढे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर व बंगालच्या उपसागरातील वादळांबरोबर येतो.

या दोन पावसांवरच येथील शेतीची घडी बसली आहे. कावेरीच्या पाण्यावर कुरुवै हे भाताचे पहिले पीक उभे राहते. सांबा हे लांब मुदतीचे पीक नदीवर लावले जाते आणि ईशान्येच्या पावसावर वाढते. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, ऑगस्टच्या आरंभी, स्त्रिया घाटावर जमून वाढत्या नदीची पूजा करतात. हळद-कुंकू, फुले व फळे वाहतात, दिवे सोडतात, गळ्यातील मंगळसूत्राचा पिवळा दोरा बदलतात. चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा व दह्याचा असे निरनिराळे भात बरोबर आणलेले असतात. मुले लाकडाचे छोटे रथ ओढत नदीवर नेतात. 1676 पासून 1855 पर्यंत तंजावरला भोसल्यांचे राज्य होते. त्या राजवटीच्या खुणा या नदीकाठावरही आहेत, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे.

पाण्याबरोबर पक्षी येतात. नांगरटीमागे गायबगळे चालतात, चिखलात उघड्या चोचीचे करकोचे गोगलगायी टिपतात, आणि पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत कवड्या खंड्या माशाचा नेम धरतो. उत्तरेस, कोळ्ळिडम नदीपलीकडे अरियलूर जिल्ह्यात करैवेट्टीचे तळे आहे. 1999 साली ते पक्षी अभयारण्य झाले व जानेवारी 2024 मध्ये रामसर पाणथळींच्या यादीत गेले. या तळ्यालाही कालव्याने कावेरीचेच पाणी मिळते. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब हंस हिवाळ्यात येथे उतरतो. म्हणजे त्या दूरच्या पाहुण्याची सोयही थोडीफार मेट्टूरच्या दरवाज्यांवर अवलंबून असते.

जानेवारीत सांब्याची कापणी होते. याच सुमारास, पौष वद्य पंचमीला, 1847 साली निवर्तलेल्या त्यागराजांच्या समाधीपाशी गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. 28 जानेवारीला धरणाचे दरवाजे बंद करण्याची प्रथा आहे. त्यानंतर हळूहळू पंढरपूरसारखे वाळवंट उघडे पडते. मुले तेथे चेंडू खेळतात. टिटवी उघड्यावरच अंडी घालते. वेडा राघू काठाच्या भुसभुशीत मातीत बीळ कोरतो. पाणमांजरांची कुटुंबे उरलेल्या डोहांत मासे धरतात व अंग सुकविण्यासाठी वाळूत लोळतात. वरून कोरडी दिसणारी ही वाळू आत पाणी धरून असते. हातभर खणले की झिऱ्यात पाणी जमते, आणि काठच्या विहिरींनाही तिचाच आधार असतो.

या वाळूचीच आता चणचण आहे. वरून येणारा गाळ व जाड वाळू धरणात अडते, आणि खालची वाळू इमारतींसाठी मालमोटारींत भरून जाते. 2003 मध्ये तमिळनाडू सरकारने वाळूचा उपसा आपल्या हाती घेतला, तरी कावेरी व कोळ्ळिडमच्या पात्रांतील उपशावरचे वाद मिटले नाहीत. पात्र खोल गेले की कालव्याचे तोंड नदीहून उंच राहते, आणि नदी वाहत असूनही शेतात पाणी चढत नाही. झिरे खोल जातात. पाणमांजराला लोळायला व टिटवीला अंडी घालायला जागा उरत नाही. पाण्याच्या तुटवड्याची चर्चा वर्तमानपत्रांत नेहमी होते, वाळूच्या तुटवड्याची क्वचितच.

पाण्याची वेळही पूर्वीसारखी निश्चित राहिलेली नाही. 2012 ते 2019 या सलग आठ वर्षांत 12 जूनचा मुहूर्त साधला नाही. 2020 साली तो साधला. 2022 मध्ये दरवाजे 24 मे रोजीच उघडले, तर 2024 मध्ये 28 जुलैपर्यंत वाट पाहावी लागली. 2016 साली ईशान्येचा पाऊसही फसला आणि दोन्ही पावसांचा आधार एकदमच गेला. अशा वर्षी ज्यांच्याकडे कूपनलिका आहे ते तिच्या पाण्यावर रोपे जगवतात, इतरांचे कुरुवै बुडते. आडीचा अठरावा दिवस मात्र टळत नाही. त्रिभुज प्रदेशातील स्त्रिया तेव्हाही पात्रात उतरतात, आणि वाळूत खणलेल्या झिऱ्याच्या किंवा काठावरच्या नळाच्या पाण्याने पूजा करतात.